युरिया अर्धाच टाकला, आबा

आबा, युरियाचा दुसरा हप्ता मी देऊन टाकला. सुतकातच दिला. ओसरीवर पाहुण्यांसाठी चटया पसरल्या होत्या, आई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मी घमेलं घेऊन मागच्या दारानं शेताकडं निघाले. तुमच्या धाकट्या बहिणीनं ते पाहिलं. "सासऱ्याची राख अजून गरम हाय आन् ही चालली रानात," असं आत्याबाई म्हणाल्याचं मला नंतर कळलं. खोटं नव्हतं त्यांचं. पण भात पोटरीत यायच्या बेतात होता, आत कणीस धरत होता. त्या वेळी त्याला जे खायला लागतं ते त्याच वेळी लागतं. तेरावं उरकून दिलं तर नुसता पाला माजतो. पिकाला सुतक नसतं, आबा, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि अर्धाच टाकला. तुम्ही म्हणत होता तितका नाही.

त्यावरूनचं आपलं भांडण मधेच तुटलं. त्या सकाळी तुम्ही बांधावर उभे राहून म्हणालात, "रंग बघ की जरा. फिकट हाय. पोतं फोड आन् सगळं टाक." मी म्हणाले, "आबा, रंग बरोबर आहे. काळंशार दिसलं की तुम्ही खूश होता, भात होत नाही." तुम्ही म्हणालात, "आता तू शिकीव मला." मग गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसलात. मला वाटलं, रुसलात. पाणी कुठं फुटलंय का ते बघायला मी खालच्या खाचरात उतरले. वर पाहिलं तर तुम्ही एका अंगावर कललेले. शेजाऱ्यांच्या जीपमधून तुम्हाला दौंडला नेलं. रेल्वे लाइन ओलांडायच्या आधीच तुमचा श्वास थांबला होता, पण मी ड्रायव्हरला सांगितलं नाही; त्यानं गाडी हळू केली असती. दवाखान्यात म्हणाले, मेंदूतली नस फुटली. शेवटचं बोललात ते रागानं बोललात का गमतीनं, ते मला कळलं नाही. तुमचं तोंड तेव्हा माझ्याकडं नव्हतं.

लोक आले की विचारतात, काय झालं होतं, बीपी होता का, गोळ्या घेत होते का. मी सांगते. सांगून सांगून ते आता पाठ झालंय. पण तुमच्याबद्दल मला जे बोलायचंय ते यात कुठंच येत नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते.

मी भोरकडच्या डोंगरातली. लग्न होऊन या नदीकाठच्या उसात आले तेव्हा तुमच्या घरात भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण होतं. ताप आला की मऊ भात, नाहीतर भाकरी. पहिल्याच आठवड्यात मी स्वतःसाठी थोडा भात टाकला तर तुम्ही आईंना विचारलंत, "सूनबाईला बरं न्हाई का?" ते ऐकून मी चुलीपाशी बसून हसले होते आणि थोडी रडलेही होते. ह्यांची नोकरी नदीपलीकडं, रांजणगावच्या कंपनीत. शिफ्ट करून यायचे आणि झोपायचे. त्यामुळं शेत तुमच्यावर आणि माझ्यावर पडलं. पंधरा-वीस वर्षं आपण दोघं एकमेकांशी जितकं बोललो तितकं मी माझ्या नवऱ्याशी बोलले नाही. त्यातलं बहुतेक भांडण होतं, हा भाग वेगळा.

आणि भांडायला जागाही आपली ठरलेली होती. कॅनॉलच्या खालचं ते वावर. वरून पाणी पाझरायचं, जमिनीला निचरा नव्हता. उन्हाळ्यात तिथं मीठ फुटायचं, पांढरा थर धरायचा. ऊस लावला तर मांडीइतका वाढायचा आणि पिवळा पडून बसायचा. तुमचा उपाय एकच, युरिया. गेल्या वर्षीपेक्षा जास्त युरिया. गावात युरियाची गाडी आली की दुकानाच्या दारात पहिले तुम्ही. चार दिवस ऊस हिरवा व्हायचा, तुम्ही रस्त्यावरून जाणाऱ्याला हाक मारून दाखवायचात, पाचव्या दिवशी पाणी आणि युरिया दोन्ही ओढ्याला. मी एकदा म्हणाले, "आबा, ही जमीन उसाची नाही. इथं पाणी आपणहून उभं राहतं. इथं भात लावू."

तुम्ही माझ्याकडं असं पाहिलंत की जणू मी तिथं होडी चालवू म्हणाले. "भातवाल्यांची पोर," म्हणालात. "दौंडात कोन भात लावतं का? लोक काय म्हनतील? आमच्यात कोन आजारी हाय?"

त्यानंतर एक वर्ष तो विषय तसाच पडला. मग शेतकऱ्यांच्या एका प्रशिक्षणाला मी गेले. तिथं एका मॅडमनी उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला. खड्ड्यात पाचट पेटवायचं, वरून थर देत राहायचं, आणि राख व्हायच्या आत पाणी मारून विझवायचं. तो कोळसा जमिनीत घालायचा. त्याला बायोचार म्हणतात, असं त्या म्हणाल्या. सगळे लिहून घेत होते आणि मला माझ्या माहेरचा राब आठवत होता. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, टहाळ्या रचून भाजतात. त्या काळ्या जागेतलं रोप कसं तरारून येतं ते मी लहानपणापासून बघितलंय. म्हणजे काळी जमीन मला नवी नव्हती. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं. आपल्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवून देतात, दोन-दोन दिवस वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी फुलं पडत राहतात. "तो जाळ आपण मधेच विझवू," मी म्हणाले.

"चांगला पेटलेला जाळ इझवायचा?" तुम्ही म्हणालात. "आन् मग पेटवायचा कशाला?"

पण तुम्ही आलात. त्यासाठी मी तुम्हाला मानते. विश्वास नसताना तुम्ही यायचात, कारण मी एकटीनं केलेलं तुम्हाला बघवायचं नाही. पहिल्या खड्ड्यात सगळी राख झाली, तुम्हाला फार बरं वाटलं. मग तुम्हीच दौंडला बाबूभाईंकडं गेलात. तुम्ही दोघं शाळेपासूनचे दोस्त, त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी तेलाच्या रिकाम्या बॅरलला खाली भोकं पाडून दिली, वर घट्ट झाकण करून दिलं. "दोस्त, हवा कमी जायेगी तो कोयला, हवा जास्त जायेगी तो राख. बस इतनाच खेळ आहे," ते म्हणाले होते. तुम्ही ते वाक्य घरी येऊन आपलं म्हणून सांगितलंत. नदीकाठची वेडी बाभूळ तोडून आणलीत, पाचट भरलंत, झाकणाच्या कडेला चिखल लिंपलात. दुपारी झाकण काढलं तर आत काळाभोर, खणखणीत कोळसा. तुम्ही एक तुकडा हातात घेऊन मोडलात. दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत दुसरं बॅरल लागलं होतं.

पाणी काढायला चर खणला, मीठ उतरायला जिप्सम टाकलं, कोळसा टाकून चिखलणी केली. कांदा लावणाऱ्या आपल्याच बायका भात लावायला बोलावल्या. गुडघाभर चिखलात मागं-मागं सरकताना त्या हसून हसून पडत होत्या. एकीची चप्पल चिखलात गेली ती अजून तिथंच आहे. तुम्ही बांधावर बसून म्हणालात, "कांदा पुढं लावत्यात, भात मागं लावत्यात. उलट्या कामाचं पीक हाय हे."

आणि भात पिवळा पडला.

मी युरिया दिलाच नव्हता. मला वाटलं होतं, कोळसा घातलाय, शेणखत घातलंय, पुरे. रोप महिनाभर तसंच बसून राहिलं. फुटवा नाही, काही नाही. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. मी जेवायची नाही नीट. तुम्ही रोज संध्याकाळी जाऊन यायचात आणि काही बोलायचा नाहीत, तेच मला जास्त लागायचं.

मग एक दिवस सकाळी गेले तर ओल्या बांधावर पांढरे दाणे. पानांच्या बेचक्यात पांढरे दाणे. मी तडक घरी आले. "आबा, युरिया कोणी टाकला?"

"कसला युरिया?"

"बांधावर दाणे आहेत."

"साखर सांडली आसंल कुनाची," तुम्ही म्हणालात आणि चहाचा कप तोंडाला लावलात.

आबा, मी तुमच्यावर तेव्हा जितकी चिडले तितकी कधी चिडले नव्हते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. माझं रान, माझा प्रयोग, आणि तुम्ही चोरून येऊन हात घातलात. पण आठवड्याभरात भात हिरवा झाला. आणि हिरवाच राहिला. उसात चार दिवस टिकायचा तो रंग इथं टिकला. फुटवे निघाले. मी त्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कोरा कोळसा उपाशी असतो, जमिनीतलं नत्र आधी तोच धरून बसतो, पिकाला मिळू देत नाही. त्याला आधी खायला घालायचं. गोमूत्रात, शेणकाल्यात, थोड्या युरियात भिजवून मुरवायचा आणि मग जमिनीत टाकायचा. पुढं तो ते पाण्याबरोबर वाहून जाऊ देत नाही, हळूहळू पिकाला देत राहतो.

हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही पान लावत होता. "म्हंजी युरियाचं गोदाम म्हन की," तुम्ही म्हणालात.

इतकी भाषणं ऐकली, इतकं सोपं कोणी सांगितलं नव्हतं. पण त्या चोरीबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलले नाही, ना दुसऱ्यांदा चिडून, ना आभार मानून. सून-सासऱ्यात आभार मानायची आपल्यात पद्धत नाही. पण तुम्ही त्या पहाटे रानात गेला नसतात तर पुढच्या वर्षी मी भात लावला नसता, हे मी आज सांगते.

दुसऱ्या वर्षी तुम्हीच म्हणालात, "आता लावू पैज." दोन खाचरं शेजारी-शेजारी. वरचं तुमचं, त्यात कोळसा नाही, युरिया पुरा. खालचं माझं, मुरवलेला कोळसा आणि युरिया निम्मा. तुमचं काय दिसायचं, आबा! उंच, काळंशार, पान असं रुंद. गावातले लोक रस्त्यावरून ओरडायचे, "आबा, भात हाय का ऊस?" तुम्ही मिशीला हात लावायचात. माझा भात बुटका, रंगानं साधा. मी फुटवे मोजायला बसले की तुम्ही म्हणायचात, "परीक्षेला बसलीय."

परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. तुमचा भात आडवा झाला. माजलेला पाला, मऊ ताट, वरून ओल्या कणसाचं वजन. खाटेवर चादर पसरावी तसा पसरला. दाणे चिखलात कोंब धरू लागले. माझा थोडा वाकला आणि उभा राहिला. मी बांधावर तुमच्या शेजारी येऊन थांबले. मला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. माझ्या खाचरातही अर्धा दिवस राबून तुम्हीच लावणी करून घेतली होती. तुम्ही बघत राहिलात आणि म्हणालात, "तुज्या खाचरात चर जवळ हाय. निचऱ्यानं वाचलं." मी म्हणाले, "चर दोघांना सारखाच आहे." तुम्ही म्हणालात, "तुला काय कळतंय."

आणि खरं सांगायचं तर सगळं माझं बरोबर होतं असंही नाही. खालच्या कोपऱ्यात मीठ तसंच होतं, तिथं कोळसा टाकूनही काही आलं नाही. चरानं किती झालं, जिप्समनं किती, कोळशानं किती, हे मला वेगवेगळं करून सांगता येत नाही. तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवायचात. भांडायला तुमच्याइतकं चांगलं माणूस मला मिळालं नाही.

त्या वर्षीचा तांदूळ घरात आला. आईंनी पहिल्यांदा केला तेव्हा तुम्ही ताटात वाढलेल्या भाताकडं पाहून म्हणालात, "बरा हाय मी." मग आमटी ओतून खाल्लात. परत मागितलात. परत मागितलेलं कोणी बघितलं नाही असं दाखवायला मी पाणी आणायला उठले.

दहाव्याला नदीवर पिंडाला तांदूळ लागले. भटजी म्हणाले, दुकानातून आणा. आई म्हणाल्या, "घरचा हाय." मीच मोजून दिला. भात शिजताना तो वास आला, आपल्या त्या पाणथळ रानातल्या तांदळाचा, आणि मला तिथं थोडा वेळ बाजूला जावं लागलं. बाबूभाई नदीच्या वरच्या अंगाला दगडावर बसले होते. टोपी हातात घेऊन. ते म्हणाले, "बेटी, कावळा शिवला का?" मी म्हणाले, शिवला, लगेच. ते म्हणाले, "शिवणारच. भुकेला माणूस होता." आम्ही दोघंही हसलो.

आता जे सांगायचंय ते तेराव्यानंतरचं. तुमच्या दुखवट्याला लोक येत राहिले. वरवंडचे आले, नदीपलीकडचे शिरूरकडचे आले, काहींना मी कधी पाहिलं नव्हतं. दर गुरुवारी तुम्ही एसटीनं कुठं जात होता? आईंना सांगायचात, बाजाराला जातो. बाजारातून येताना पिशवीत काही नसायचं, ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ते लोक ओसरीवर बसून सांगू लागले. आबांनी आमच्या रानात बॅरल लावून दाखवलं. आबांनी झाकणाला चिखल कसा लावायचा ते शिकवलं. आबा म्हणायचे, कोळसा म्हंजी युरियाचं गोदाम. आबांनी हे शोधून काढलं. आबांना हे पहिल्यापासून ठाऊक व्हतं.

मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होते. माझं नाव कुठंच नव्हतं, आबा. राबाची गोष्टसुद्धा तुम्ही तुमच्या आजोबांच्या नावानं सांगितली होती. तुमच्या आजोबांनी आयुष्यात भाताचं रोप बघितलं नव्हतं! मला पदरात तोंड लपवून हसावं लागलं, आणि रागही आला. पण त्या माणसांच्या रानात आज कोळसा आहे, कोणी भाताला घातलाय, कोणी कांद्याला. मी सांगत फिरले असते तर त्यांनी ऐकलं असतं का, हा विचार मनात आलाच. तुम्ही तो माझ्याआधी केला होता का नुसती बढाई मारत होता, हे तुम्हालाच माहीत. दोन्ही असणार.

त्यातले वरवंडचे एक काका उठता उठता थांबले. त्यांनीही पाणथळ तुकड्यात भात लावलाय या वर्षी. ते ह्यांना म्हणाले, "एक इचारायचं व्हतं. माझा दुसरा हप्ता अजून ऱ्हायलाय. आबा गेल्या पावसाळ्यात म्हनले व्हते, कोळसा आसला तरी युरिया पुरा टाकायचा, हात आखडायचा न्हाई. पुराच टाकू ना?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओसरीवर तुमच्या भावकीतली माणसं होती, बाबूभाई होते, आत्याबाई होत्या, भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो होता. अशा वेळी सुनेनं गप्प बसावं हे मला कळत होतं. पण त्या माणसाचा भात उभा होता.

"नका टाकू," मी म्हणाले. "मुरवलेला कोळसा असेल तर अर्धा टाका. पुरा टाकला तर लोळेल. तेवढं आबांचं चुकलं."

काका हातातली टोपी फिरवत राहिले. आत्याबाईंनी मान दुसरीकडं वळवली. कोणीतरी घसा खाकरला. मी कप गोळा करू लागले.

तेवढ्यात आई दारात आल्या. तुम्ही गेल्यापासून त्या बाहेर बसलेल्या माणसांत आल्या नव्हत्या. शेतीतलं तर त्या इतक्या वर्षांत चारचौघांत कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि काकांना म्हणाल्या, "तिचं बराबर हाय. भात लोळला तवा मला म्हनले व्हते ते. म्हनले, पोरगी म्हनत व्हती तसंच झालं, अर्धाच टाकाया पायजे व्हता. पन तिला सांगू नगंस, म्हनले. लई चढंल."

आधी बाबूभाई हसले. मग आत्याबाईच हसायला लागल्या, डोळ्याला पदर लावून. काकांनी विचारलं, "मंग अर्धा?"

"अर्धा," आई म्हणाल्या आणि आत गेल्या.

माणसं गेल्यावर मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, "आई, वर्ष झालं या गोष्टीला. एकदा तरी सांगायचं मला."

त्यांनी ताटातला खडा काढून बाजूला ठेवला.

"ते सांगू नगं म्हनले व्हते," त्या म्हणाल्या. "आता ते न्हाईत. म्हनून सांगितलं."